समुद्राखालचा गॅस आणि समुद्रावरची जाळी



बंदीचे दोन महिने म्हणजे होड्या वाळूवर आणि गप्पा जाळी विणायच्या जागेवर. यंदा या गप्पांत डिझेलच्या जोडीला गॅस आला. एकजण म्हणतो जगातला गॅस संपत आला, दुसरा म्हणतो इतका निघतोय की घेणारा मिळत नाही. दोघांच्याही मोबाइलवर पुरावा म्हणून व्हिडिओ तयार! तेव्हा म्हटले, आपणच थोडे वाचू आणि या पानावर लिहू. वाचता वाचता कळले की हा विषय घरच्या शेगडीपेक्षा आपल्या जाळ्याच्या जास्त जवळचा आहे.

आधी एक घोटाळा मिटवू. घरच्या सिलिंडरमधला एलपीजी वेगळा आणि आपण ज्याबद्दल बोलतोय तो नैसर्गिक वायू वेगळा. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो पाइपातून जातो, गाडीत सीएनजी म्हणून भरतात, खत कारखान्यात त्यापासून युरिया करतात. उणे १६० अंशांच्या आसपास गार केला की त्याचे पाणी होते आणि तो जहाजात भरता येतो. त्याला एलएनजी म्हणतात. आपल्याकडे दाभोळला असे जहाज लागते. दाभोळहून बेंगळुरूला जाणाऱ्या पाइपलाइनची एक फांदी गोव्यात आली आहे.

आता संपत आला का, याचे उत्तर. नाही. २००० साली जगात वर्षाला सुमारे २,४०० अब्ज घनमीटर गॅस निघत होता. २०२३ मध्ये हा आकडा ४,००० च्या वर गेला. त्यातला साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. वीस वर्षांपूर्वी अमेरिकेचे उत्पादन घटणार, तिला बाहेरून गॅस आणावा लागणार असे सगळे धरून चालले होते. मग तिथे खडक फोडून गॅस काढायची युक्ती जमली आणि उत्पादन दुप्पट झाले. जो देश आयातीसाठी धक्के बांधत होता, तोच २०२३ मध्ये जगातला सर्वात मोठा एलएनजी निर्यातदार झाला. दुसरा नंबर रशियाचा. युक्रेन युद्धानंतर युरोपने पाठ फिरवली तशी रशियाची गाडी ७०० अब्ज घनमीटरवरून ६०० च्या खाली आली, नंतर थोडी सावरली. इराण, चीन, कॅनडा, कतार, ऑस्ट्रेलिया हे त्यांच्या मागचे. हॉलंडमध्ये उलटे झाले. ग्रोनिंगेन नावाचे युरोपातले सर्वात मोठे गॅसक्षेत्र त्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद केले. गॅस होता अजून. पण जमिनीखालून तो काढून काढून भूकंप होऊ लागले होते आणि लोकांच्या घरांच्या भिंती तडकल्या होत्या.

आपला भारत या यादीत बराच खाली. २०१०-११ मध्ये ५२ अब्ज घनमीटर काढले होते. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रातल्या विहिरी अपेक्षेपेक्षा लवकर बसल्या आणि दहा वर्षांत आकडा ३० च्या खाली आला. आता तिथल्याच नव्या विहिरींमुळे ३६ च्या आसपास आहे. लागतो त्यातला जवळपास निम्मा आपण बाहेरून आणतो.

हे झाले आकडे. पण मच्छीमाराने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हा गॅस निघतो कुठून? अमेरिकेचा बराचसा जमिनीतून निघतो. नॉर्वेचा मात्र सगळा समुद्राखालून, आणि तोही अशा समुद्रातून जिथे माणसे हजार वर्षे मासे मारत आली आहेत. म्हणून आम्ही नॉर्वेवर जरा जास्त वेळ थांबलो.

देश ५५-५६ लाख लोकांचा. २०२४ मध्ये त्यांनी १२४ अब्ज घनमीटर गॅस काढला, आजवरचा त्यांचा विक्रम. म्हणजे आपल्या अख्ख्या देशाच्या तिप्पटीहून जास्त. स्वतःची वीज ते धबधब्यांवर करतात, म्हणून गॅस जवळपास सगळा विकतात. रशियाचा गॅस कमी झाल्यावर युरोपच्या चुली पेटत्या ठेवण्यात मोठा वाटा यांचा. बर्गन शहराच्या पश्चिमेला ट्रोल नावाचे क्षेत्र आहे. तिथला काँक्रीटचा प्लॅटफॉर्म पायापासून टोकापर्यंत ४७२ मीटर उंच, त्यातला ३०० मीटर पाण्यात बुडालेला. १९९५ मध्ये तो उभाच्या उभा ओढून समुद्रात नेला. आम्ही त्याचे फोटो पाहिले तेव्हा दोनदा खात्री करून घेतली, खरा आहे का म्हणून.

पण आपल्या कामाची गोष्ट त्या प्लॅटफॉर्मची नाही. उत्तरेला स्नोव्हित नावाचे क्षेत्र आहे. २००७ पासून तिथून गॅस निघतो, पण समुद्रावर तुम्हाला काहीच दिसणार नाही. विहिरींची तोंडे, यंत्रे सगळी तळाला, आणि गॅस १४३ किलोमीटर पाइपातून हॅमरफेस्टजवळच्या मेल्कोया बेटावर जातो. तळावरच्या त्या यंत्रांना अशी लोखंडी झाकणे घातली आहेत की ट्रॉलचे जाळे वरून ओढले तरी अडकत नाही, घसरून पुढे जाते. ज्याचे जाळे कधी बुडालेल्या बार्जला अडकून फाटले असेल, त्याला या झाकणाची किंमत सांगायला नको. कंपनीला हे आपणहून सुचले असेल असे आम्हाला वाटत नाही. तिथल्या मच्छीमारांचा आवाज होता म्हणून ते झाले.

आवाज कुठून आला? नॉर्वेत तेल सापडले १९६९ मध्ये. मच्छीमारांचा महासंघ त्याआधीचा, १९२६ चा. आणि १९३८ मध्ये तिथे कायदा झाला की बोटीवरून उतरलेली मासळी पहिल्या विक्रीला मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्री संस्थेमार्फतच जाईल. नोर्गेस रोफिस्कलाग ही त्यातली मोठी संस्था, आजही चालू आहे. किमान भाव संस्था ठरवते. (हे वाचून आमच्या कार्यालयात पाच मिनिटे शांतता होती. आपल्याकडे भाव जेटीवर कोण ठरवतो, ते सर्वांना माहीत आहे.) तेव्हा तेल कंपन्या आल्या तेव्हा किनाऱ्यावर विखुरलेल्या होड्या नव्हत्या. कागदपत्रे, हिशोब आणि वकील असलेल्या संस्था होत्या.

त्यांच्या १९९६ च्या पेट्रोलियम कायद्यात एक आख्खे प्रकरण मच्छीमारांच्या भरपाईसाठी आहे. तेल-गॅसच्या कामामुळे मासेमारीची जागा गेली आणि मासेमारी अशक्य किंवा फार अवघड झाली, तर तेवढ्या नुकसानीची भरपाई सरकारने द्यायची. तेलगळतीचे नुकसान परवानाधारक कंपनीने भरायचे, चूक कोणाची हे न बघता. आणि सर्वात आवडले ते हे: समुद्रात टाकलेल्या लोखंडी भंगारात जाळे फाटले, पण भंगार कुठल्या कंपनीचे ते कळत नाही, तर ज्यांच्या कामातून ते आले असण्याची शक्यता आहे अशा परवानाधारकांनी मिळून भरायचे. पुराव्याअभावी मच्छीमार हात हलवत घरी जात नाही.

आता सर्व्हेचा विषय. विहीर खोदण्याच्या आधी जहाज येते, मागे लांबच लांब केबल ओढते आणि दाबलेल्या हवेचे बार पाण्यात उडवते. आवाज तळाखाली जाऊन परत येतो, त्यावरून खडकाचा नकाशा बनतो. याला सिस्मिक सर्व्हे म्हणतात. आपले जुने तांडेल सांगतात की असे जहाज आले की मासळी पळते. पुष्कळ शिकलेली माणसे यावर हसतात. त्यांनी हे वाचावे. १९९२ च्या मे महिन्यात नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात मुद्दाम प्रयोग केला. सर्व्हेच्या आधी सात दिवस, चालू असताना पाच दिवस आणि नंतर पाच दिवस ट्रॉलने आणि लांब दोरीच्या गळांनी मासे धरून मोजले. बार सुरू झाल्यावर कॉड आणि हॅडॉकची ट्रॉलची पकड सरासरी निम्म्यावर आली. जिथे बार उडत होते त्या आतल्या भागात ती सुमारे ७० टक्के घटली. परिणाम १८ नाविक मैलांपर्यंत दिसला. आणि बार बंद झाल्यावर पाच दिवसांतही पकड पूर्वीसारखी झाली नाही.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. २००९ मध्ये व्हेस्टेरोलेन बेटांच्या बाहेर पुन्हा मोजणी झाली. या वेळी गिलनेटमध्ये काही जातींची मासळी उलट वाढली आणि गळावरची घटली. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की आवाजाने मासा बिथरतो, इकडेतिकडे जास्त पोहतो आणि जाळ्यात येतो, पण त्याचे खाण्यावर लक्ष नसते, म्हणून गळ धरत नाही. म्हणजे “सर्व्हेने मासळी संपते” असे सरसकट बोललो तर ते आपल्यालाच खोटे पाडतील. कुठले जाळे, कुठला मासा, कुठला महिना, असे मोजून सांगावे लागते. तिथे मासेमारी चालू असलेल्या भागात सर्व्हे जहाजावर मासेमारीतला जाणकार माणूस ठेवावा लागतो, तो होड्यांशी बोलतो, जाळी कुठे आहेत ते जहाजाला सांगतो.

त्याच किनाऱ्याजवळ लोफोटेन बेटे आहेत. जानेवारी ते एप्रिल तिथे उत्तरेकडून कॉड अंडी घालायला येतो. लाकडी मांडवांवर टांगून, मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर ती मासळी सुकवतात. तळाखाली तेल आणि गॅस असण्याची शक्यता मोठी आहे, तरी लोफोटेन, व्हेस्टेरोलेन आणि सेन्या इथला समुद्र आजवर त्यांनी कंपन्यांसाठी उघडलेला नाही. ही कायमची बंदी नव्हे. दर सरकार बदलले की वाद पुन्हा निघतो. मच्छीमारांना दर वेळी नव्याने उभे राहावे लागते.

नॉर्वे श्रीमंत, तिथे सगळे जमते, असे कोणी म्हणेल. म्हणून सेनेगलचे बघू. सेनेगल आणि मॉरिटानियाच्या सीमेवर २०१५ मध्ये खोल समुद्रात गॅस सापडला. ग्रेटर तोर्त्यू अहमेयिम हे प्रकल्पाचे नाव, बीपी ही मुख्य कंपनी. २०२४ च्या अखेरीस विहिरीतून गॅस आला, एप्रिल २०२५ मध्ये पहिले एलएनजी जहाज निघाले. वर्षाला सुमारे २४ लाख टन एलएनजीची क्षमता. जगाच्या हिशोबात चिमूटभर. पण गॅस गार करणारे तरंगते जहाज आणि त्याच्या संरक्षणाचा बांध किनाऱ्यापासून फक्त दहा किलोमीटरवर उभा आहे. समोर सेंट लुई शहरातली गेत न्दार ही वस्ती, दाटीवाटीची, रंगीत लांब होड्यांची. त्या लोकांचे म्हणणे असे की जिथे बांध आला तिथेच दियाताराचा खडक होता, चांगल्या मासळीची त्यांची पिढ्यानपिढ्यांची जागा. आता भोवती ५०० मीटरची बंदी. बदल्यात कृत्रिम खडक टाकून देण्याचा वायदा झाला. त्यांच्याकडे खडकाचे नाव होते, आजोबांच्या आठवणी होत्या. त्या जागेतून वर्षाला किती मासळी आली याची वही नव्हती.

हे ५०० मीटर आपल्यालाही नवीन नाहीत. आंतरराष्ट्रीय कायद्यातच ते आहेत. १९७४ मध्ये मुंबई हाय सापडले, मग वसईचे गॅसक्षेत्र सापडले, तेव्हापासून उत्तरेकडचे आपले बांधव प्लॅटफॉर्मना वळसा घालूनच जातात. गोव्यासमोर अजून एकही प्लॅटफॉर्म नाही. पण तळाखालचा केरळ-कोकण पट्टा शोधाच्या नकाशावर आहे. तिथे प्रयत्न झाले आहेत, व्यापारी उत्पादन आजवर झालेले नाही. जगातले भाव चढले की असे पट्टे पुन्हा उघडून बघितले जातात. २०२२ मध्ये एलएनजी इतका महागला की आपल्या देशाला खरेदी कमी करावी लागली. तेव्हापासून घरचा गॅस वाढवा ही हाक दिल्लीत जोरात आहे, आणि त्यात चुकीचे काही नाही. युरिया आपल्याच शेतकऱ्याला लागतो.

तर समितीने ठरवले आहे ते असे. १ ऑगस्टला होड्या सुटतील तेव्हा प्रत्येक होडीला कार्यालयातून एक वही मिळेल. तारीख, जागा (जीपीएसचे आकडे असतील तर ते, नाहीतर आपले नेहमीचे नाव, अमुक खडप, तमुक डोंगराच्या नाकासमोर), कुठले जाळे, कुठली मासळी, किती किलो. एवढेच. रापणकारांसाठी वेगळी वही आहे, त्यांनी जागेऐवजी वेळ लिहावी. लिहिता येत नसेल तर घरच्या मुलांकडून लिहून घ्या. काहींनी विचारले, हे आकडे टॅक्सवाल्यांकडे जाणार का. नाही. वही तुमच्याच घरी राहील, आम्ही महिन्यातून एकदा फक्त उतरवून घेऊ. जुन्या तांडेलांना विशेष विनंती, खडपांची नावे सांगायला एक संध्याकाळ कार्यालयात या, चहा आमच्याकडे. आणि समुद्रात लांब केबल ओढणारे जहाज दिसले, किंवा रेडिओवर लांब राहा असा इशारा आला, तर तारीख-वेळ लिहून त्याच दिवशी आम्हाला कळवा.

सचिव, सोसायटी कार्यालय