डिझाइन थिंकिंगचे अध्यापन आणि नहर-ए-अंबरी
डिझाइन थिंकिंग म्हणजे वापरणाऱ्याची अडचण प्रत्यक्ष पाहून, तिची नेमकी मांडणी करून, कच्चे नमुने वारंवार तपासत उपाय शोधण्याची पद्धती होय. छत्रपती संभाजीनगरात तिच्या अध्यापनाचा प्रारंभ नहर-ए-अंबरीपासून करता येईल. 17 व्या शतकात मलिक अंबरने भूगर्भातील पाणी केवळ उताराच्या साहाय्याने शहरात आणले. म्हणजे उपायाआधी जमिनीचे निरीक्षण झाले होते. आपला विद्यार्थी मात्र तयार प्रश्नांना सरावलेला असतो. वास्तविक मराठवाड्यातील टंचाई त्याने घरीच अनुभवलेली असते. घरी पाणी कोण भरते, कशात साठविते, याची नोंद हाच त्याचा पहिला स्वाध्याय असावा. नमुना फसल्यास गुण जाणार असतील, तर तो नमुना करणारच नाही. म्हणून फसलेल्या नमुन्यांच्या नोंदवहीसही अंतर्गत मूल्यमापनात गुण असावेत.