गुमास्ता आहे न, मग झालं!

महिन्यातून दोन-तीनदा माझ्या टेबलावर एक लॅमिनेट केलेला कागद आपटला जातो. आपटणारा कधी पोह्याच्या ठेल्याचा मालक असतो, कधी नव्यानं सावजी भोजनालय टाकलेला तरुण, कधी विद्यार्थ्यांची मेस चालवणाऱ्या काकू. कागद तोच आणि वाक्यही तेच. "गुमास्ता काढला न साहेब, मंग एफडीएवाले नोटीस काऊन देऊन राहिले?"

लहान खाद्यव्यावसायिकांचे अर्ज भरून देणं हा माझा धंदा. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता लॅमिनेशनची चमक दिसली तरी पुढचा संवाद पाठ असतो. पूर्वी मी लगेच समजवायला बसत असे. आता आधी चहा मागवतो.

शब्दापासूनच सुरुवात करू. गुमास्ता हा फारसीतून आलेला शब्द. मालकानं नेमलेला माणूस, पेढीवरचा कारकून. नागपुरातल्या इतवारीच्या जुन्या पेढीवर लोडाला टेकून बसायचा तो शेठ आणि खाली चोपडीत मान घालून बसायचा तो गुमास्ता. ज्याला आपण 'गुमास्ता' किंवा 'शॉप अ‍ॅक्ट' म्हणतो तो कायदा शेठसाठी नाही, त्या खाली बसलेल्या माणसासाठी आहे. नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होतं तेव्हा, १९४७ साली, इथे दुकाने व आस्थापनांचा स्वतंत्र कायदा झाला. मुंबईचा १९४८ चा. आज चालतो तो २०१७ चा, १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झालेला, आणि त्याच्या लांबलचक नावातच 'नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन' असं स्वच्छ लिहिलंय. नोकराला किती तास राबवायचं, मधली सुट्टी कधी द्यायची, आठवड्याची रजा, रात्रपाळीला बायका असतील तर त्यांच्या सुरक्षेचं काय, हे त्याचे विषय. खातं कामगार विभागाचं. कायदा पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचा; तुमचं तेल किती वेळा तापलं याची त्याला चौकशी नाही. तर्री तर त्याच्या गावीही नाही.

आणि खरं सांगायचं तर बहुतेकांच्या हातात असतो तो परवाना नसतोच. २०१७ च्या मूळ कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतूनही मोकळं केलं. त्यांनी फक्त कळवायचं की बाबा, आम्ही अमुक ठिकाणी अमुक धंदा सुरू केला. कळवलं की पोच मिळते. ऑनलाइन सेंटरवाला त्या पोचपावतीची रंगीत प्रिंट काढतो, प्लास्टिकमध्ये घालतो, वर पैसे घेतो, आणि मालक ती देव्हाऱ्याशेजारी टांगतो. मंगळसूत्राची पावती गळ्यात घालण्यातला प्रकार आहे हा! ही पोच द्यायला कोणी अधिकारी तुमच्या स्वयंपाकघरात आला होता का? पाण्याची टाकी उघडून बघितली का? नाही न? मग अन्न विकायची परवानगी त्यात कुठून येणार?

लोक मूर्ख आहेत म्हणून हा गैरसमज टिकलेला नाही, हेही कबूल करतो. बँकेत चालू खातं उघडायला गेलं की पहिल्यांदा गुमास्ताच मागतात. कर्जाला तोच, दुकानाच्या मीटरलाही अनेकदा तोच चालतो. ज्या कागदानं दहा दारं उघडली तो अकरावंही उघडेल असं माणसाला वाटणारच. शिवाय तो सगळ्यांत आधी मिळतो, आणि पहिल्या कागदावर माणसाचा जीव असतो. त्यात एजंट लोकांचं 'कॉम्बो' असतं, गुमास्ता आणि उद्यम एकत्र. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती फुकट आहे, तुम्हीच दिलेल्या माहितीवर होते, आणि तिचा अर्थ एवढाच की तुमचा उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम. त्या प्रमाणपत्रावर भारत सरकारचा सिंह आहे म्हणून ते स्वयंपाकघराचं प्रमाणपत्र होत नाही.

अन्नाचा कायदा वेगळा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६. प्रत्यक्षात अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. महाराष्ट्रात तो राबवतं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपले एफडीएवाले. त्याच्या ३१ व्या कलमात सगळी गंमत आहे. पहिलं पोटकलम म्हणतं, परवान्याशिवाय कोणीही अन्नव्यवसाय करायचा नाही. दुसरं म्हणतं, फेरीवाला, किरकोळ विक्रेता, तात्पुरता स्टॉलवाला, कुटीर उद्योग यांना हा परवाना लागणार नाही. इथवर वाचून लोक पुस्तक मिटतात आणि "लहानाला माफ आहे" अशी बातमी चौकात पोहोचते. वाक्य मात्र पुढे चालू आहे: त्यांनी नोंदणी करायची. परवाना माफ, कायदा माफ नाही.

लहान कोण, हेही नियमात आहे. २०११ च्या नियमावलीनं रेघ आखली वार्षिक १२ लाख रुपये उलाढालीवर. हा नफा नव्हे, एकूण विक्री. हिशेब करून बघा. दिवसाला सुमारे तीन हजार तीनशे रुपये. पोह्याची प्लेट तीस रुपयांची धरली तर एकशे दहा प्लेटा. आपल्या शहरात चांगल्या ठेल्यावर एवढ्या प्लेटा सकाळच्या दोन-तीन तासांत संपतात, आणि तो मालक वर्षानुवर्षं स्वतःला 'लहान माणूस' समजत असतो. (रेघेच्या रकमा सरकार अधूनमधून बदलतं; अर्ज टाकायच्या दिवशी अन्नपरवान्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर जी दिसेल ती धरायची, मित्राच्या मित्रानं सांगितलेली नाही.) रेघेच्या आत असाल तर फॉर्म 'ए', नोंदणी, आणि त्याच नियमावलीतली फी वर्षाला १०० रुपये. रेघेबाहेर गेलात तर फॉर्म 'बी', राज्याचा परवाना.

शंभर रुपये. लॅमिनेशनसकट गुमास्त्याला किती दिले होते, असं मी विचारतो तेव्हा बहुतेकजण चहा प्यायला लागतात.

"पण अर्ज टाकला की सहा महिने चकरा मारायला लावतात" हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. नियमावली काय म्हणते तेही ऐका. नोंदणीच्या अर्जावर सात दिवसांत एकतर मंजुरी, नाहीतर कारणासह नकार, नाहीतर तपासणीची नोटीस. सात दिवसांत यातलं काहीच झालं नाही, किंवा तपासणी काढूनही तीस दिवसांत निर्णय कळवला नाही, तर लहान व्यावसायिकाला धंदा सुरू करायची मुभा आहे. हे कलम कोणी लॅमिनेट करून टांगलेलं मला आजवर दिसलेलं नाही.

मेसवाल्या काकूंचं म्हणणं वेगळं असतं. "मी काय हॉटेल चालवते का बाप्पा? घरच्याच गॅसवर वीस डबे करते." नंदनवनात, मेडिकल चौकाच्या आसपास, हिंगणा रोडवर अशी शेकडो स्वयंपाकघरं आहेत आणि बाहेरगावच्या पोरांवर त्यांचे उपकार आहेत. पण कायद्यात अन्नव्यवसायाची व्याख्या करताना 'नफ्यासाठी असो वा नसो' असे शब्द मुद्दाम घातलेत. दुकान असलंच पाहिजे अशी अट नाही. आणि 'लहान उत्पादक' या व्याख्येत धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारेही येतात. म्हणजे गणपतीच्या मंडपातला महाप्रसादही आला. इथे हमखास कोणीतरी चिडतं: देवाच्या कामात सरकार कशाला? देवाला विषबाधा होत नाही, रांगेतल्या पोराला होते.

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज, आणि हा गिऱ्हाइकाचा. पाकिटावर एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, चिन्ह दिसलं की "सरकारमान्य आहे, चांगलंच असेल". अजिबात नाही. ते चिन्ह आणि खालचा चौदा आकडी क्रमांक एवढंच सांगतात की हा माणूस दफ्तरी आहे, त्याचा पत्ता सापडेल. गाडीच्या नंबर प्लेटवरून ड्रायव्हर कसा चालवतो ते कळत नाही, तसंच. त्या आकड्यांत माहिती मात्र आहे. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन राज्याचे. महाराष्ट्राचे १५, आणि परवाना केंद्राचा असेल तर तिथे शून्य शून्य. त्यापुढचे दोन वर्षाचे. पूर्ण क्रमांक फॉसकॉसवर टाकला की तो चालू आहे की मुदत संपलेला आहे ते कोणालाही दिसतं. हॉटेलच्या बिलावर हा क्रमांक छापणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. पुढच्या वेळी बिल चुरगाळून टाकायच्या आधी बघा.

नोंदणी झाली म्हणजे जागेवरही हक्क लागला, हा ठेलेवाल्यांचा लाडका समज. फुटपाथवर उभं राहण्याचा प्रश्न २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचा. त्यासाठी विक्री प्रमाणपत्र लागतं आणि तो विषय महापालिकेच्या नगर पथविक्रेता समितीकडचा. एफडीए तुमचं पातेलं बघणार, महापालिका पातेलं कुठे ठेवलंय ते. घराच्या खालच्या मजल्यावर हॉटेल काढलं तरी तेच: राहती जागा धंद्याला वापरता येते का हे महापालिकेला विचारायचं, ले-आउट नागपूर सुधार प्रन्यासचा असेल तर तिथे. भाऊबंदकी आहे ही खात्यांची. एकाचा होकार दुसऱ्याला बांधत नाही.

"फायरची एनओसी एकदा घेतली की जन्माची" असं सांगणाऱ्यांना मी मुंबईच्या कमला मिलमधल्या आगीची आठवण देतो. २९ डिसेंबर २०१७, गच्चीवरची रेस्टॉरंट, चौदा माणसं गेली. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांनी यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत. आपल्याकडेही आता दर चौथ्या इमारतीवर गच्चीतलं कॅफे आहे. जिन्यात रिकाम्या क्रेटा रचलेल्या दिसल्या की मी खाली उतरतो.

बाकीचे गैरसमज लवकर उरकू. जीएसटीची चाळीस लाखांची सूट हॉटेलला लागत नाही. ताटात वाढून देणं ही सेवा धरली जाते, तिची मर्यादा वीस लाख. कंपोझिशन योजनेत असलेला हॉटेलवाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेऊ शकत नाही, बिलात लावला असेल तर विचारा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर "फक्त एकच तर आहे" म्हणूनही हॉटेलात चालत नाही. सुटी मिठाई विकणाऱ्याला तारखेचं बंधन नाही हेही जुनं झालं. १ ऑक्टोबर २०२० पासून ट्रेसमोर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावायची आहे, संत्रा बर्फीलाही. तळणाच्या तेलाला कायदा नाही म्हणता? आहे, त्यातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासूनचा. छापील पेपरवर आलूबोंडा देणं १ जुलै २०१९ पासून नियमांत बसत नाही. शाई पोटात जाते. पाटी इंग्रजीत चालते, कामगार दहाच्या आत आहेत, असं म्हणणाऱ्यांनी २०२२ ची दुरुस्ती पाहावी, मराठी पाटी सगळ्यांना. हे एक काम मात्र खरोखर गुमास्त्याच्या कायद्यातलं आहे बरं का.

इन्स्पेक्टर आला की दुकानाला टाळंच, ही भीतीही अर्धवट माहितीतून येते. कमतरता दिसली तर साधारण पहिली पायरी ३२ व्या कलमाची सुधारणा नोटीस. काय चुकलं, काय करायचं हे त्यात लिहिलेलं असतं. मुदतही असते, मूळ कायद्यानुसार किमान चौदा दिवसांची. नमुना घेतला तर त्याचे बाजारभावानं पैसे द्यायची तरतूद आहे. नोटीस आली की घाबरून एजंटाकडे धावण्याऐवजी ती वाचली तरी निम्मं काम होतं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांनी ती उघडलेलीच नसते.

शेवटचा समज वारशाचा. "बाबूजींच्या नावानं लायसन्स आहे, ते आता माझंच." परवाना शेतासारखा सातबाऱ्यावर उतरत नाही. ज्याच्या नावानं आहे तो वारला तर वारसांना त्यावर नव्वद दिवस धंदा चालवता येतो. तेवढ्यात आपल्या नावासाठी अर्ज करायचा.

गेल्या आठवड्यात एक मिठाईवाले आले होते. वडील जाऊन पाच महिने झाले. मोबाइलवर त्यांनी दुकानाचा फोटो दाखवला: वडिलांची हार घातलेली तसबीर, आणि तिच्या खाली वडिलांच्याच नावाची नोंदणी, तिलाही छोटा हार. नव्वद दिवस कधीच उलटले होते. मी नवा फॉर्म उघडला, नावाच्या रकान्यापर्यंत आलो, आणि ते जरा पुढे सरकून म्हणाले, "तसं टेन्शन नाही साहेब. गुमास्ता माझ्या नावावर करून घेतलाय."

मी अजून एक चहा सांगितला.