अदृश्य सेवकांची हजेरी

भोपाळच्या कोटरा सुल्तानाबाद भागातील आमच्या शाळेच्या ग्रंथालयाची सूची 'कोहा' नावाच्या संगणकप्रणालीवर चालते. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआच्या ग्रंथालयासाठी ही प्रणाली रचली गेली आणि २००० साली तेथे वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तीही परतफेडीची जाणीव ठेवून दिलेली. गेल्या पावसाळ्यात नववीतील एक विद्यार्थी तक्रार घेऊन आला की, नवी मराठी पुस्तके कपाटात दिसतात, परंतु सूचीत शोधली असता एकही सापडत नाही. मी ग्रंथपाल बाईंना बोलावून घेतले आणि नोंदी वेळेवर न केल्याबद्दल चार कठोर शब्द ऐकविले. बाईंनी काही न बोलता एका पुस्तकाची नोंद तिच्या क्रमांकावरून उघडून दाखविली. नोंद होती. तारीखही आठ दिवसांपूर्वीची होती. शोधात मात्र ती येत नव्हती.

या कोड्याचा उलगडा व्हावयाचा तर संगणकाच्या पडद्याआड काय चालते हे थोडे पाहावयास हवे. आपण समोर जे उघडतो, मिटतो, ते कार्यक्रम निराळे. आणि यंत्र सुरू झाल्यापासून कोणाच्याही नजरेस न पडता कामाची वाट पाहत बसलेले कार्यक्रम निराळे. या दुसऱ्या वर्गास 'सेवा' म्हणतात. त्यांचे जुने नाव 'डीमन' असे आहे. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत संगणकावर काम करणाऱ्या मंडळींनी ते घेतले, ते मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने कल्पिलेल्या, वायूचे कण निवडीत बसणाऱ्या अदृश्य रखवालदारावरून. मूळ ग्रीक शब्दात दुष्टपणाचा भाव नाही. कोकणात गावाची राखण करणारा वेताळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा अर्थ समजावून सांगावयास नको.

आमच्या सूचीमागे असे मुख्यतः तीन प्रकारचे सेवक राबतात. 'अपाची' वाचकाची मागणी ऐकून पान पाठवितो. 'मारियाडीबी' नोंदींचे दप्तर सांभाळतो. कोहाचे स्वतःचे सेवक शोधाची अनुक्रमणिका राखतात व प्रत्येक नवी नोंद तीत चढवितात. हे शेवटचे काम ग्रंथाच्या अखेरीस दिलेल्या शब्दसूचीसारखे असते. मजकूर ग्रंथात आहे, पण सूचीत चढला नाही, तर शोधणाऱ्यास तो नसल्यासारखाच.

यांची विचारपूस करण्याची रीत साधी आहे. लिनक्स यंत्रावर आज्ञा लिहावयाची काळी खिडकी उघडावी आणि 'सिस्टमसीटीएल स्टेटस मारियाडीबी' असे लिहावे. (येथे नागरीत दिले आहे, यंत्रावर लहान रोमन अक्षरे लागतात.) २०१० मध्ये पुढे आलेल्या 'सिस्टमडी' या व्यवस्थापकाची ही आज्ञा असून २०१५ पासून डेबियन लिनक्समध्येही तो मूळचाच असतो. विंडोज यंत्रावर 'एससी क्वेरी' ही आज्ञा असेच काम करते.

उत्तरादाखल येणाऱ्या ओळी मुख्याध्यापकास परक्या वाटण्याचे कारण नाही. 'लोडेड' म्हणजे नेमणुकीचा कागद दप्तरी आहे. त्याच ओळीतील 'एनेबल्ड' म्हणजे यंत्र उघडताच हा सेवक न बोलावता कामावर येईल. 'ॲक्टिव्ह (रनिंग)' म्हणजे तो या क्षणी हजर आहे. पुढे केव्हापासून तेही दिलेले असते. खाली त्याच्या रोजनिशीच्या अखेरच्या काही ओळी येतात. एनेबल्ड व ॲक्टिव्ह यांत गल्लत होते ती फार. हाताने सुरू केलेला पण एनेबल्ड नसलेला सेवक वीज जाऊन आली की पुन्हा येत नाही. उलट एनेबल्ड असलेला सेवकही आज गैरहजर असू शकतो. 'ॲक्टिव्ह (एक्झिटेड)' हा शेरा तर प्रथमदर्शनी वदतोव्याघात वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच की, नेमून दिलेले काम उरकून सेवक घरी गेला आहे. नुसती सिस्टमसीटीएलला '--फेल्ड' जोडून आज्ञा दिली तर काम करता करता कोसळलेल्यांची यादी मिळते. तीत कोणी मुद्दाम थांबविलेले सेवक येत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आम्ही अपाची, मारियाडीबी व 'कोहा-कॉमन' अशी तीन नावे विचारली. तिन्हींपुढे हिरवा ठिपका आला. अखेर बाईंनीच सुचविले की, कोहा-कॉमन हे एका सेवकाचे नाव नसून एका तुकडीचे आहे. वर्ग भरला आहे एवढ्यावरून प्रत्येक मुलगा वर्गात आहे असे ठरत नाही. म्हणून 'कोहा-इंडेक्सर --स्टेटस' अशी निराळी आज्ञा आमच्या ग्रंथालयाचे नाव जोडून दिली, आणि नव्या नोंदी अनुक्रमणिकेत चढविणारा तो एकटाच सेवक थांबलेला आढळला. तो कोणी थांबविला, हे आठवावयास मला फार वेळ लागला नाही. यंत्र मंद चालते म्हणून दहा दिवसांपूर्वी मीच तशी सूचना दिली होती आणि पुढे ती विसरलो होतो. मध्यंतरी एकदा वीज गेली असती तर यंत्र पुन्हा उठताना त्याने सेवकालाही उठविले असते आणि माझी चूक झाकली गेली असती. नेमकी त्या दहा दिवसांत वीज गेली नाही.

सेवक सुरू होताच रांगेत साचलेल्या नोंदी त्याने एकेक करून उचलल्या. थोड्याच वेळात त्या विद्यार्थ्याचे पुस्तक शोधात आले. ज्या विद्यार्थ्यादेखत मी बाईंना बोललो होतो, त्याच्याचदेखत त्यांची क्षमा मागितली. आता त्या रोज सकाळी तिन्ही आज्ञा देतात, इंडेक्सरची चौथी देतात, आणि ठिपके हिरवे दिसले तरी तेवढ्यावर न थांबता आदल्या दिवशी नोंदविलेल्या एका पुस्तकाचे नाव शोधाच्या चौकटीत लिहून पाहतात.