एक टक्का उजेड

घरातली शंभर ‘एमबीपीएस’ची जोडणी तीनशेची केली, म्हणजे आता माहिती तिप्पट जोरात धावणार, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, प्लॅन कुठलाही घ्या. वाढतं ते दर सेकंदाला पोचणाऱ्या माहितीचं माप. ते कसं वाढत गेलं, हे समजून घ्यायला आधी काच समजून घ्यावी लागते.

१९६० च्या दशकात चांगल्यातल्या चांगल्या तंतूतही किलोमीटरमागे हजार डेसिबलच्या आसपास घट होई. वीसेक मीटरवर शंभरातला एक भाग प्रकाश उरे. १९६६ साली इंग्लंडमधल्या हार्लो इथे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिलं, की दोष मूळ काचेचा नाही, तिच्यात मिसळलेल्या लोहासारख्या अशुद्धीचा आहे. घट किलोमीटरमागे वीस डेसिबलवर आणली तर दूरध्वनीसाठी तंतू वापरता येईल. वीस डेसिबल म्हणजे एक किलोमीटरनंतर एक टक्का उजेड शिल्लक! एवढीच माफक मागणी होती, तरी अनेकांना ती अशक्य वाटली. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्त्झ यांनी १९७० मध्ये ती पुरी केली. काओंना नोबेल मिळालं २००९ साली.

आजच्या तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला घट किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे तोच एक टक्का आता शंभर किलोमीटरनंतर उरतो. मला या साऱ्या विषयात याहून थोर आकडा दिसत नाही. ‘फाइव्ह-जी’च्या जाहिरातींत तो कुणी सांगत नाही, एवढंच.

त्यापुढचा अडसर दूर केला अर्बियम या मूलद्रव्याने. पूर्वी मंदावलेल्या प्रकाशाची वाटेत वीज करायची, ती सुधारायची आणि तिचा पुन्हा प्रकाश करायचा, असा द्राविडी प्राणायाम चाले. १९८७ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने अर्बियम मिसळलेल्या तंतूतच प्रकाश थेट वाढवून दाखवला. अशा तंतूत अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकदम वाढवता येतो. मग एकाच तंतूत डझनावारी तरंगलांबींवर वेगवेगळी माहिती सोडणं परवडू लागलं. हे सारं रुळण्याआधी, १९८८ साली अटलांटिक ओलांडणाऱ्या पहिल्या प्रकाशतंतू केबलमध्ये तंतूंच्या एका जोडीची क्षमता सेकंदाला २८० मेगाबिट होती. आपली वरची घरगुती जोडणी तिच्यापेक्षा मोठी!

भारतातली पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ साली पुण्यात, शहरातली एक्स्चेंज जोडण्यासाठी बसली. आता गल्लोगल्ली तंतू आहे आणि त्याचा मोठा वैरी जेसीबी. केबल तुटली की तंत्रज्ञ ओटीडीआर लावतो. हे यंत्र तंतूत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परतणाऱ्या क्षीण प्रकाशाची वेळ मोजतं. किलोमीटरभर जाऊन यायला सुमारे दहा मायक्रोसेकंद लागतात, त्यावरून तुटीचं अंतर कळतं. मग खड्डा, स्प्लायसिंग म्हणजे तुटलेल्या टोकांची जोडणी, पुन्हा मोजणी.

दूरसंचार शिकणाऱ्या मुलांनी प्रोटोकॉलची आद्याक्षरं जरूर पाठ करावीत. पण त्याआधी डेसिबलचा हिशेब पक्का करावा आणि एकदा तरी स्प्लायसिंग करणाऱ्याशेजारी उभं राहून त्याचं काम पाहावं.