दातांनी सांगितलेलं साल

दक्षिण कोलंबियापासून मध्य चिलीपर्यंत, सुमारे चार हजार किलोमीटर लांबीचा मुलूख. अँडीजच्या अंगाखांद्यावरून जाणारे रस्ते, चुन्याशिवाय एकमेकांत घट्ट बसवलेले दगड. आणि हे सगळं उभारणाऱ्या इंका लोकांकडे लिपी नव्हती! हिशेब असत ते किपूवर, म्हणजे दोऱ्यांना मारलेल्या गाठींत. त्या गाठींतून राजांची सनावळी अजून कोणाला वाचता आलेली नाही.

मग पुस्तकांत छापलेली सालं आली कुठून? स्पॅनिश बखरकारांकडून. स्पॅनिश सेनानी पिझारोने १५३२ मध्ये काहामार्का इथे इंका सम्राट अताहुआल्पाला कैद केलं. त्यानंतर अर्धशतक उलटल्यावर, १५८६ मध्ये, काबेयो बाल्बोआ या धर्मगुरूने आपला ग्रंथ पुरा केला. अमेरिकन अभ्यासक जॉन रो यांनी १९४५ मध्ये त्याचीच सनावळी सर्वांत पटण्याजोगी ठरवली. इंका राजा पाचाकुती १४३८ मध्ये सत्तेवर आला आणि तिथून साम्राज्याची घोडदौड सुरू झाली, हे मग जवळजवळ सर्वमान्य झालं.

हे साल बखरीबाहेर तपासायचं कसं? मेलेल्या जिवांकडून.

वातावरणाच्या वरच्या थरांत वैश्विक किरणांमुळे कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन (रेडिओकार्बन) सतत तयार होत असतो. मका तो हवेतून घेतो, मका खाणारा माणूस मक्यातून. जीव गेला की आवक थांबते आणि असलेला साठा ५,७३० वर्षांत निम्मा होतो. पण इंकांचा काळ तसा कालपरवाचा. सहाशे वर्षांत या साठ्यातला जेमतेम सात टक्के कार्बन-१४ उणावतो, आणि वीस वर्षांचा फरक म्हणजे टक्क्याचा सुमारे पाव भाग! मुळात ताज्या कार्बनमध्येसुद्धा एक लाख कोटी अणूंमागे कार्बन-१४ चा अणू साधारण एकच. तरीही आज हे मोजता येतं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

पेरूतल्या माचू पिचू या इंका स्थळाबाबत ते मोजलं गेलं. अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅमच्या मोहिमेने १९१२ मध्ये तिथल्या दफनभूमींतून सांगाडे काढून येल विद्यापीठात नेले होते. (ते पेरूला परत मिळायला जवळपास शंभर वर्षं लागली.) त्यांपैकी २६ जणांच्या अवशेषांचं, मुख्यतः दातांचं, पुरातत्त्वज्ञ रिचर्ड बर्गर आणि सहकाऱ्यांनी कालमापन केलं. अशा तपासणीत दाताचा लहानसा तुकडा आम्लात ठेवून खनिज भाग विरघळवतात. उरलेलं कोलॅजन जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि त्यापासून चिमूटभर ग्रॅफाइट करतात. मग त्वरकयंत्र त्यातले कार्बन-१४ चे अणू थेट मोजतं. दाताचं डेंटिन लहानपणी घडतं आणि पुढे फारसं बदलत नाही, त्यामुळे मिळणारा काळ मृत्यूचा नसतो, हेही हिशेबात धरावं लागतं.

एवढ्यावर भागत नाही. मोजलेल्या कार्बन-१४ वरून साल काढायला कोष्टक लागतं. दक्षिण गोलार्धात समुद्र जास्त आणि समुद्रातून जुना कार्बन हवेत मिसळतो. उत्तरेचं कोष्टक वापरलं तर इथली वस्तू काही दशकांनी जुनी भासते, आणि आपला वाद नेमका काही दशकांचाच आहे! म्हणून दक्षिणेसाठी वेगळं कोष्टक लागतं. नमुना कशाचा हेही पाहावं लागतं: छपराच्या तुळईवर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही, कारण झाड आधीच म्हातारं असू शकतं. त्यापेक्षा एका हंगामाचा मका किंवा लामाची लोकर बरी.

२०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: माचू पिचूत सुमारे १४२० पासूनच वस्ती होती. ही जागा पाचाकुतीची खासगी जहागीर मानली जाते. १४३८ मध्ये सत्तेवर आलेल्या राजाची जहागीर त्याआधीच कशी वसली? बर्गर यांचं उत्तर असं, की तो दोनेक दशकं आधीच सत्तेवर आला असावा. अर्जेंटिनातल्या मेंदोसाकडच्या इंका स्थळांचं कालमापनही बखरींपेक्षा आधीचाच काळ दाखवतं. साम्राज्याच्या दक्षिण टोकाला इंका इतक्या लवकर पोहोचले असतील, तर एका पराक्रमी राजाने एका पिढीत सगळं जिंकलं ही गोष्ट मला अपुरी वाटते.

रेडिओकार्बन एकच साल देत नाही, काळाचा पट्टा देतो. म्हणून १४२० हेही दगडावर कोरायचं साल नव्हे. पण १४३८ हे साल पाठ्यपुस्तकांत निःशंकपणे छापण्याचे दिवस आता संपले आहेत.