रिकामा स्टेपलर का चालत नाही?

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर उभा राहिलेला माणूस हा मुद्दा लवकर पकडेल. दोन्ही बटणं दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय वरचा डाय खाली येत नाही. एक हात मोकळा राहिला तर तो खाली सापडेल, म्हणून मशीनच अडून बसतं. हाच विचार शस्त्रक्रियेच्या स्टेपलरच्या, 12 मिलिमीटरच्या छिद्रातून शरीरात जाणाऱ्या दांड्यात बसवलेला असतो.

छत्रपती संभाजीनगरचा टाक्यांशी संबंध तसा जुना. एथिकॉन कंपनीचे टाक्यांचे धागे वाळूज एमआयडीसीत बनत. भारतीय डॉक्टरांच्या कितीतरी शोधनिबंधांत धाग्याच्या नावापुढे कंसात ‘औरंगाबाद’ हे शहराचं जुनं नाव छापलेलं सापडतं. त्या धाग्याचं काम आतड्यावर आणि फुप्फुसावर आता बऱ्याचदा स्टेपलर करतो. कल्पना मात्र नवी नाही. बुडापेस्टचे सर्जन ह्युल्टल यांनी 1908 मध्ये पहिला स्टेपलर वापरला. त्याचं वजन साडेतीन किलोच्या वर होतं आणि तो जुळवायलाच दोन तास लागत!

आजच्या सरळ स्टेपलरला दोन जबडे असतात. खालच्यात कार्ट्रिज बसतं आणि त्यात टायटॅनियमच्या बारीक पिना, बहुधा सहा रांगांत. वरचा जबडा म्हणजे ऐरण. ट्रिगर दाबला की कार्ट्रिजमधली एक छोटी पाचर पुढे सरकते आणि पिनांना खालून वर ढकलते. पिनांचे पाय ऐरणीच्या खळग्यांवर आपटून आत वळतात. पाचरीच्या किंचित मागून पातं येतं आणि मधोमध कापत जातं. दोन्ही बाजूंना तीन-तीन रांगा आधीच बंद झालेल्या असतात. शेवटच्या पिनांच्या अलीकडेच पातं थांबतं, म्हणजे न शिवलेला भाग कापला जात नाही.

आता समजा, कार्ट्रिज वापरून झालं आणि घाईत तेच पुन्हा चालवलं. पिना नाहीत, पण पातं आहे. जबड्यात फुप्फुसाची रक्तवाहिनी असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

ते टाळणारं कुलूप फार साधं आहे. नव्या कार्ट्रिजमध्ये पाचर मागच्या टोकाला असते. एका प्रचलित रचनेत पात्याचा पुढचा भाग या पाचरीवर टेकून उचललेला राहतो, तर वरून एक स्प्रिंग त्याला खाली दाबत असते. फायर झाल्यावर पातं मागे येतं, पाचर मात्र पुढच्या टोकालाच राहते. पुढच्या वेळी पात्याला आधार मिळत नाही. ते थोडं सरकतं, खालच्या खाचेत पडतं आणि अडकतं. कार्ट्रिज बसवलंच नसेल किंवा अर्धवट चालवून मागे घेतलं असेल, तरी हेच घडतं. यात मोजणी नाही, बॅटरी नाही. पाचर कुठे आहे, एवढ्यावरच सगळा निर्णय होतो. इतकं कमी सामान लागणारं कुलूप मला कुठल्याही सेन्सरपेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. अर्थात ट्रिगर अडला की जोर लावायचा नसतो, कार्ट्रिज काढून बघायचं असतं.

दुसरी अडवणूक याच्या आधीची. जबडे पूर्ण मिटून अडकले नाहीत तोवर फायरिंगचा ट्रिगर हलत नाही. काही स्टेपलरना वेगळं लाल बटणही असतं. पात्याचा आकार आय-बीमसारखा असतो. त्याची वरची पट्टी ऐरणीच्या खोबणीतून आणि खालची कार्ट्रिजखालून धावते, त्यामुळे जाताना जबड्यांमधली फट फाकत नाही.

मलाशयाच्या शस्त्रक्रियेतला गोल स्टेपलर वेगळा. मागची मूठ फिरवून फट कमी करायची, खिडकीतला काटा हिरव्या पट्ट्यात आला की मगच लाल खटका सुटतो. फायर झाल्यावर आतून कापून आलेल्या आतड्याच्या दोन कड्या अखंड आहेत ना, हे मात्र सर्जनला स्वतःच बघावं लागतं.

आणि इथेच या कुलपांची हद्द संपते. कार्ट्रिज ताजं आहे का, हे त्यांना कळतं. ते या जाडीच्या ऊतींसाठी योग्य आहे का, हे साध्या हाती स्टेपलरला कळत नाही. ती निवड रंगावरून होते. एका कंपनीचं पांढरं कार्ट्रिज 2.5 मिलिमीटर उंचीच्या पिनांचं, निळं 3.5 चं, हिरवं 4.1 चं, दुसऱ्या कंपनीत बदामी आणि जांभळे रंग, मापंही निराळी. कमी उंचीची पिन जाड जठरावर मारली तर ती नीट मिटत नाही. वाटेत आधीची धातूची क्लिप आली तरी तोच घोटाळा.

अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेकडे 2011 ते मार्च 2018 या काळात स्टेपलर आणि पिनांबद्दल 41,000 हून जास्त तक्रारी आल्या, त्यांत 366 मृत्यूंच्या होत्या. त्या मृत्यूंना स्टेपलरच कारण होता, असं यावरून सिद्ध होत नाही. पण 2021 मध्ये शरीराच्या आत वापरायचे स्टेपलर तिथे अधिक कडक नियमांच्या वर्गात गेले.

आपल्याकडे अशा तक्रारींसाठी 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे. रुग्ण किंवा नातेवाईकही 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवू शकतात. कळवताना लॉट नंबर हाताशी असला तर फार उपयोग होतो. तो पाकिटावर छापलेला असतो. डिस्चार्जच्या वेळी त्याची नोंद कागदपत्रांत आहे का, हे विचारून घ्या.