तंबाखू नाही, तरीही घशाचा कॅन्सर?

‘आमच्या माणसाने तंबाखूला कधी हात लावला नाही, मग घशाचा कॅन्सर झाला कसा?’ असा प्रश्न घरचे लोक विचारतात. काही रुग्णांच्या बाबतीत याचे उत्तर एका विषाणूत सापडते. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे हाच विषाणू असतो. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी कॅन्सर करू शकतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी प्रथिने आपल्या शरीरात असतात. हा विषाणू त्यांनाच निकामी करतो. अमेरिकेत घशाच्या या भागातले सुमारे ७० टक्के कॅन्सर एचपीव्हीमुळे होतात. आपल्याकडे मात्र गाल, हिरडी आणि जिभेचे कॅन्सर जास्त आहेत. त्यांचे मोठे कारण तंबाखू, गुटखा, खर्रा, मिश्री आणि सुपारी हेच आहे. तेव्हा विषाणूचे नाव पुढे करून पुडी खिशात ठेवू नका.

एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, मुखसंबंधातूनही पसरतो. बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते आणि साधारण एक-दोन वर्षांत शरीर त्याला हटवते. ज्यांच्यात तो टिकून राहतो, त्यांच्यापैकी काहींना कित्येक वर्षांनी कॅन्सर होतो. लागण कधी आणि कोणाकडून झाली, हे सांगता येत नाही. त्यामुळे नवरा-बायकोने एकमेकांवर संशय घेऊ नये. सोबत जेवल्याने कॅन्सर होत नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळे काढू नका.

मानेत न दुखणारी गाठ, गिळताना त्रास, एकाच कानात दुखणे किंवा बसलेला आवाज तीन आठवड्यांनंतरही तसाच असेल, तर सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. गाठीवर लेप लावत दिवस घालवू नका. डॉक्टर तुकडा काढून तपासतात. त्याच तुकड्यावरच्या पी-१६ चाचणीतून एचपीव्हीचा अंदाज येतो. एचपीव्हीमुळे झालेला घशाचा कॅन्सर तंबाखूमुळे झालेल्यापेक्षा उपचारांना चांगली दाद देतो. बिडी-सिगारेट चालू असेल, तर हा फायदा कमी होतो.

एचपीव्हीवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लस २०२३ मध्ये आली. ९ ते १४ या वयात तिचा उपयोग सर्वाधिक होतो. ती मुलांनाही देता येते. झालेली लागण लसीने बरी होत नाही, म्हणून ती वेळेत हवी. घरात या वयाची मुलगी किंवा मुलगा असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात याच आठवड्यात विचारून या.